खिडकीजवळची तिसरी जागा

माझ्या थोरल्या मेव्हण्यांनी आयुष्यात एकही गोष्ट दुसऱ्याने सांगितली म्हणून केलेली नाही. जन्मसुद्धा त्यांनी स्वतःच्या मर्जीनेच घेतला असावा. घरच्यांनी सुईणीला निरोप धाडला आणि सुईण उंबऱ्यात पोहोचण्याआधी हे हजर झाले, असं त्यांची आईच सांगायची. तेव्हापासून आजपर्यंत डॉक्टर, पंचांग, सरकारी पाट्या आणि घरातल्या बायका या चौघांपैकी कुणाचंही ते ऐकत नाहीत. 'येथे बसू नये' असं जिथे लिहिलेलं असतं तिथे ते आधी बसतात आणि मग पाटी वाचतात. वाचून झाल्यावर उठतात असंही नाही.

नंदुरबारात ते रिक्षाच्या मागच्या सीटवर कधी बसलेले मी पाहिले नाहीत. "मागे बठस तो माल, पुढे बठस तो मानूस," असं त्यांचं म्हणणं. ड्रायव्हरच्या सीटवर एक मांडी टेकवून, दुसरा पाय बाहेर हवेत धरून ते स्टेशनापासून मार्केट यार्डापर्यंत त्याला वाट दाखवत जातात. रिक्षावाल्याची हयात त्या रस्त्यावर गेलेली असते. "डावीकडे ले रे भो," असं ते सांगतात तेव्हा रिक्षा डावीकडेच वळत असते, पण वळून झाली की "हां, आसं!" म्हणून त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप पडते. फोनचंही तसंच. फोन ते करतात, पण ऐकत नाहीत. "मी बोलनू. ऐकी लिधं ना? आते ठेव." एवढं बोलून आपणच ठेवून देतात. पलीकडचा माणूस बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत राहतो.

आमच्याकडच्या लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपी देऊन सत्कार करण्याची रीत आहे. मांडवात एकेकाचं नाव पुकारलं जातं, माणूस लाजत उठतो, टोपी घालून घेतो आणि पुन्हा बसतो. जेवणाची पंगत त्यामुळे उन्हं कलेपर्यंत लांबते. मेव्हण्यांना हा प्रकार सोसत नाही. रनाळ्याच्या एका लग्नात त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते पंगतीच्या जागी जाऊन आधीच जेवून आले होते. ते उठले, टॉवेल घेतला, त्याला हात पुसले, तोंड पुसलं, नीट घडी घातली आणि सत्कार करणाऱ्या यजमानाच्याच खांद्यावर टाकला. टोपी शेजारच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवली. "डोकं झाकाले मन्हाकडे केस शेतस," असं ते म्हणाले. केस तेव्हाही फारसे नव्हते.

पण त्यांचं खरं राज्य म्हणजे मिरची. गावाबाहेर मिरची वाळवायच्या मोकळ्या जागा आहेत, त्यांना आम्ही पथारी म्हणतो. थंडीत तिथे नजर पोहोचेल तिथवर लाल मिरची पसरलेली असते आणि वारा फिरला की सगळं शहर एका ठसक्याचं होतं. बाहेरगावचा माणूस स्टेशनावर उतरला की पहिल्यांदा शिंकतो आणि मगच रस्ता विचारतो. गावातल्या माणसाला मात्र काही होत नाही. आणि गावातल्या माणसांमध्येही मेव्हणे वेगळे. सकाळी पथारीच्या मधोमध उभे राहून ते छाती भरभरून श्वास घेतात, जसे दुसरे लोक नदीकाठी घेतात. डॉक्टरांनी एकदा तोंडाला बांधायला पट्टी दिली. "तोंड बांधीसन चोर फिरतस, मी व्यापारी शे," असं म्हणून ती त्यांनी तिथल्या बुजगावण्याला बांधली. सुरतेचा एखादा खरेदीदार "तिखी छे के?" असं विचारतो तेव्हा ते बोलता बोलता एक आख्खी मिरची देठापर्यंत चावून खातात, भावाची बोलणी पूर्ण करतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेष हलत नाही. उलट खरेदीदाराच्याच डोळ्यांत पाणी येतं. मिरचीने डोळ्यांत पाणी येणं ही त्यांच्या लेखी एक बाहेरगावची खोड होती.

मी स्वतः बाहेरगावचा. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलो, मळीच्या गोडसर वासात. नोकरीसाठी नंदुरबारला आलो, शाळेत मराठी शिकवलं, आणि दर हंगामात नाकाला रुमाल लावून कविता शिकवल्या. मुलांना वाटायचं, सर कवितेत फार रंगतात. "दाजी साखरना मानूस शे," मेव्हणे माझी ओळख करून देत, "जपीसन ऱ्हा, इरघळी जाई." यावर सगळ्यांत जास्त हसायची ती त्यांची बहीण, म्हणजे माझी बायको, कुसुम.

कुसुम गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेली. आजार थोड्याच दिवसांचा होता. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. मला लिहायचं आहे ते तिच्या भावाबद्दल.

आमच्या भागात कुणी गेलं की लोक 'दारावर' येतात. म्हणजे भेटायला येतात, ओट्यावर बसतात, बायका गळ्यात पडून रडतात, पुरुष खाली बघतात, बिनसाखरेचा काळा चहा होतो आणि पुढची माणसं येतात. मेव्हणे पहिल्या दिवशी आले ते थेट स्वयंपाकघरात गेले. चहाचा घोट घेतला आणि तिथूनच ओरडले, "साखर कोनी काढी? कुसुमले गोड चहा लागे! तिना घरमा कडू चहा नही व्हवाना!" बाहेर रडणं एकदम थांबलं. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, ती तेव्हा घराचा कारभार बघत होती. आक्का रीतीभातीची फार पक्की. पुरुषोत्तमनगरहून लग्न होऊन ती नंदुरबारला आली त्याला आता जमाना झाला. तिला मिरचीही बाधत नाही आणि मेव्हणेही. ती पदर खोचून आत गेली.

"भाऊ, सख्खी बहीण गयी तुन्ही," ती म्हणाली. "समदं गाव रडी ऱ्हायनं. तुन्हा डोयामा एक टिपूस नही?"

"मी काय बोरिंग शे का आक्का? बटन दाबं का पानी?"

हे वाक्य त्या दिवशी ओट्यावरून निघून गल्लीत गेलं, गल्लीतून बाजारात गेलं आणि बाजारातून नातेवाइकांच्या प्रत्येक गावात पोहोचलं. दहाव्याला आणि पुढच्या विधींनाही ते तसेच कोरडे उभे राहिले. नदीवर सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा ते एकटेच उलट्या तोंडाने पाण्याकडे बघत होते, आणि गुरुजींनी टोकलं तर गुरुजींनाच म्हणाले, "तुम्ही तुम्हनं काम करा." माणूस दगडाचा आहे, असं लोक म्हणाले. आक्का तर माझ्यासमोरच म्हणायची. मी त्या दिवसांत खिडकीजवळच्या खुर्चीत पुस्तक उघडून बसायचो आणि दिवस मावळला की त्याच पानावर खूण ठेवून ते मिटायचो.

आक्काचा नियम असा होता की वर्ष होईपर्यंत मी घर सोडायचं नाही. सण नाही, समारंभ नाही, गावाबाहेर पाऊल नाही. मला हा नियम सोयीचा होता. ज्याला कुठे जायचंच नाही त्याला न जाण्याची आज्ञा मिळाली की बरं वाटतं. थंडी आली, पथाऱ्या लाल झाल्या, खिडकीतून ठसका येऊ लागला, म्हणून मी खिडकी लावून घेतली. खोलीत दिवसाही दिवा लागायला लागला.

अशा एका संध्याकाळी मेव्हणे आले. बसले नाहीत. "दाजी, परवा पहाटनी गाडीमा आपले जावानं शे," ते म्हणाले. "बिलिमोरा. तठून ती छोटी गाडी. वघईपावत."

आक्का दारातच उभी होती. "वरीस नही व्हयनं अजून! आनि तुम्ही मौज कराले जाई ऱ्हायनात? लोके काय म्हनतीन?"

"लोकेसले म्हनू दे. दुखोटा काढाना मान कोना? माहेरना ना?"

आक्काला मान हलवावीच लागली. दुःखात बसलेल्या माणसाला नात्यातल्या कुणी तरी आपल्याकडे नेऊन गोड खाऊ घालायचं, डोक्याला टोपी घालायची आणि पुन्हा माणसांत आणायचं, याला दुखवटा काढणं म्हणतात. आणि तो मान गेलेल्या बाईच्या माहेरचा आहे हे आक्काच सगळ्यांना सांगत आली होती.

"मंग मी दुखोटा काढी ऱ्हायनू," मेव्हणे म्हणाले. "घरमाच काढाना आसं कोन्या पोथीमा लिखेल शे? मी गाडीमा काढसू."

आक्काने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणेन अशी तिची खात्री होती, आणि माझीही. पण मी नाही म्हणण्यासाठी तोंड उघडेपर्यंत ते गल्लीत पोहोचले होते आणि रिक्षावाल्याला वाट दाखवू लागले होते.

त्या छोट्या गाडीचं आमच्या घरात फार मोठं नाव होतं. कुसुम आणि तिच्या भावाची मावशी उनईला राहायची, डांगाच्या जंगलाच्या तोंडाशी. मिरचीचा हंगाम आला की त्यांची आई ताजं कांडलेलं तिखट कोऱ्या मांजरपाटात बांधून द्यायची आणि ही भावंडं वडिलांबरोबर सुरत, बिलिमोरा करत त्या चिंचोळ्या रुळांच्या गाडीत बसायची. गाठोडं कुसुमच्या मांडीवर, कुसुम खिडकीशी. डब्यातले लोक शिंकून हैराण होत, आणि ही दोघं एकमेकांकडे बघून हसत. उनईला गाडी थोडाच वेळ थांबे आणि गर्दीत दारापर्यंत जाणं अवघड, म्हणून मावशी बरोबर खिडकीखाली येऊन उभी राही. कुसुम गाठोडं खिडकीतून बाहेर धरी, मावशी ते खालून झेली, आणि मग ही मंडळी उतरत. आधी मिरची, मग माणसं. हे मी कुसुमच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की त्या मावशीच्या लुगड्याचा रंगही मला पाठ होता. हिरवा.

आम्ही पहाटेच्या गाडीने निघालो. मेव्हण्यांच्या एका हातात डब्यांची पिशवी आणि काखेत एक गाठोडं. मांजरपाटाचं. मला लगेच ठसका लागला.

"दादा, निदान प्लॅस्टिकच्या पिशवीत तरी घालायचं," मी म्हणालो.

"मिरचीले श्वास लागस. पिशवीमा कोंडी तं रंग मरी जास," ते म्हणाले, आणि मी माझा रुमाल काढला.

बिलिमोऱ्याला पोहोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. छोटी गाडी मोठ्या स्टेशनाच्या एका कडेला, शाळेच्या सहलीत मागे पडलेल्या पोरीसारखी उभी होती. तिला आता नवा रंग दिला आहे, मोठमोठ्या काचांचा एक एसी डबा जोडला आहे, आणि तिला हेरिटेज म्हणतात. लोक इंजिनासमोर उभे राहून फोटो काढत होते. मेव्हणे पाटी वाचून चिडले. "आम्ही बठूत तवय ती गाडी व्हती. आते वारसा व्हई गयी. मंग मी काय शे? मले बी रंग मारा!" एका तरुण जोडप्याने त्यांचाही फोटो काढला. त्यांनी तो काढू दिला, पण हसले नाहीत.

आमच्या जागा एसी डब्यात होत्या आणि त्या तीन होत्या. हे मला तिथे कळलं. खिडकीजवळच्या जागेवर त्यांनी गाठोडं ठेवलं, नीट, गाठ वर येईल असं. शेजारी स्वतः बसले. समोर मी. माझ्या शेजारी सुरतेचं एक जोडपं होतं. बाई हसतमुख, हातात फोन, पुरुष पोटावर हात ठेवून स्वस्थ.

गाडी हलली. ती पळत नाही, ती चालते. रुळांकडेच्या वाटेने एक सायकलवाला आमच्या बरोबरीने आला, आत डोकावला आणि पुढे निघून गेला. चिकूच्या वाड्या गेल्या, उसाचे फड गेले. थोड्या वेळाने सुरतेच्या बाईने एक शिंक दिली, मग नवऱ्याने दिली, मग मागच्या बाकावरून एक आली.

"भाई, आ पोटलुं उपर मूको ने," बाई खिडकीकडे बोट करत नम्रपणे म्हणाली, "मारे बारी पासे फोटो लेवो छे."

"पोटलं नही बाई. पॅसेंजर शे."

"पोटला नी टिकिट?" नवरा हसला.

मेव्हण्यांनी खिशातून तिकीट काढून त्याच्या नाकासमोर धरलं. तो पुन्हा शिंकला. तेवढ्यात तिकीट तपासणारा आला. त्याने मोजलं, माणसं दोन आणि तिकिटं तीन.

"काका, त्रीजा पॅसेंजर क्यां छे?"

"ती पुढे गयी," मेव्हणे म्हणाले. "सामान मागे ऱ्हायनं."

त्या माणसाने गाठोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांतून नेहमीप्रमाणे पाणी वाहत होतं. त्याने काय समजायचं ते समजून तिकिटावर खूण केली आणि हळूच पुढे गेला. सुरतेच्या बाईने फोन पर्समध्ये ठेवला.

मग मेव्हण्यांनी पिशवी उघडली. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, गुळाच्या दशम्या केल्या होत्या, वर तुपाचा हात. एक मोडून त्यांनी माझ्या तोंडात कोंबली. बोलायची सोय ठेवली नाही. मग पिशवीच्या तळातून कागदात गुंडाळलेलं काही काढलं. कोरा टॉवेल आणि कोरी पांढरी टोपी. सगळ्या खानदेशात ज्या माणसाने टॉवेल-टोपीचा मान कधी स्वीकारला नव्हता, तो माणूस चालत्या गाडीत, तोल सांभाळत, माझ्या डोक्यावर टोपी ठेवत होता. टोपी लहान होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी खाली दाबली.

"आते दुखोटा निंघना," ते म्हणाले. "आक्काले सांगजो, रीत पाळी मी."

"दादा, तुम्ही या गोष्टी मानत नाही," मी दशमी गिळत म्हणालो.

"मी नही मानस. कुसुम माने ना."

आणि एवढं बोलून ते समोरच्यांना दशम्या वाटायला लागले. पोटावर हात ठेवलेल्या गृहस्थांनी दोन घेतल्या. डब्यात शिंका चालूच होत्या, पण आता त्यांना एक कौटुंबिक सूर आला होता. मी टोपी घालून बाहेर बघत होतो. किती तरी दिवसांनी मी खिडकीबाहेर बघत होतो. दोन्ही बाजूंनी झाडं जवळ येऊ लागली होती, साग दिसायला लागला होता. मी मेव्हण्यांना विचारलं, उनई आलं का. त्यांनी तोवर गाठोडं मांडीवर घेतलं होतं.

उनई आलं. गाडीने सावकाश वेग कमी केला, आणि मेव्हणे उठून खिडकीला लागले. खाली फलाटावर दोन-तीन माणसं, काकड्यांची टोपली घेऊन एक म्हातारी, एक कुत्रं. मेव्हण्यांची बोटं काचेच्या कडेकडेने फिरू लागली. वर, खाली, दोन्ही बाजूंना.

"ही उघडस कशी?"

"ती उघडत नाही, दादा. एसीचा डबा आहे."

"खिडकी शे आनि उघडत नही?"

"नाही उघडत."

"मंग खिडकी कशाले म्हनतस तिले? भीत म्हना!" त्यांचा आवाज चढला. सगळा डबा वळून बघू लागला. "तठे खाले लोक उभं ऱ्हास! त्यासले सामान देवानं ऱ्हास! अरे, उघडा कोनी तरी!" आणि दोन्ही हातांनी धरलेलं गाठोडं त्यांनी काचेवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी मांजरपाट फाटलं.

नंदुरबारच्या माणसाशिवाय ही चूक जगात कुणीही करणार नाही. बंद काचेच्या, थंड हवा गोल फिरवणाऱ्या डब्यात कुणी ताजं कांडलेलं तिखट सुटं नेणार नाही. पण आमच्याकडे ती हवाच असते. ती बांधून ठेवायची वस्तू आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही. एसीने ते तिखट उचललं आणि सगळ्यांना सारखं वाटून टाकलं. पुढचं मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. खोकला, "अरे बाप रे", पोरांचं रडणं, दाराकडे धावणाऱ्या चपला. कुणी तरी दार उघडलं आणि आम्ही सगळे, सुरत, बडोदा, नंदुरबार, एकमेकांचे हात धरून उनईच्या फलाटावर उतरलो.

मेव्हणे सगळ्यांत शेवटी उतरले. फाटलेलं, अर्धं उरलेलं गाठोडं त्यांनी छातीशी धरलं होतं. सदरा लाल झाला होता. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थेंब नव्हे, टिपूस नव्हे. गालांवरून, मिशांतून, हनुवटीवरून, सदऱ्यावरच्या लालीत ओघळ काढत वाहत होतं. पुसायला हात मोकळे नव्हते. ते उभे राहिले, मोठ्याने श्वास घेतला आणि मला म्हणाले,

"औंदानी मिरची तेज शे, दाजी."

"हो ना," मी म्हणालो. "फार तेज."

काकडीवाल्या म्हातारीने टोपलीतला तांब्या पुढे केला. त्यांनी पाणी घेतलं नाही. गाठोडं तिच्यापुढे धरलं. "ले मावशी. नंदुरबारनी शे." तिने फाटक्या कापडात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि मान हलवली. मग दोन्ही हात पुढे करून ते गाठोडं खालून धरलं आणि टोपलीत काकड्यांशेजारी ठेवलं. तिचं लुगडं हिरवं नव्हतं. विटक्या निळ्या रंगाचं होतं. मी हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे कधी मला ते हिरवं आठवायला लागेल.

शिट्टी झाली. दारं उघडी ठेवून डबा झाडला होता, तरी आत बसल्यावर पुन्हा थोडा ठसका उठलाच. मेव्हण्यांनी डब्यातल्या प्रत्येकाजवळ जाऊन सांगितलं की चूक त्यांची नाही, न उघडणाऱ्या खिडकीची आहे. सुरतेच्या बाईला तर त्यांनी पटवूनच दिलं. उरलेला प्रवास सगळे दाटीवाटीने बसले, काही जण उभे राहिले, पण खिडकीजवळच्या त्या लाल झालेल्या जागेवर वघईपर्यंत कुणीही बसलं नाही. तिकीट तपासणारासुद्धा तिच्यापासून हातभर लांब उभा राहिला. "देखं?" मेव्हणे माझ्या कानात म्हणाले. "जागा तिनी ती तिनीच." बाहेर बांबूचं रान सुरू झालं होतं. ते बघत बसले. त्यांचे डोळे मधूनमधून पुन्हा भरत होते, आणि दर वेळी ते मिरचीला एक शिवी देत होते.

वघईहून आम्ही जीपने आहवा, नवापूर करत परतलो. पुढची सीट अर्थातच त्यांची. घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि आक्का ओट्यावर बसली होती. सकाळपासून साठवलेलं सगळं ती बोलणार, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. तिने माझ्या डोक्यावरची टोपी पाहिली. मग मेव्हण्यांकडे पाहिलं. त्यांचे डोळे सुजून बंद व्हायला आले होते.

"काय व्हयनं रे भाऊ?"

"मिरची उडनी डोयामा."

आक्का आता नंदुरबारचीच झाली आहे. या माणसाला पथारीच्या मधोमध उभं राहून श्वास घेताना तिने वर्षानुवर्षं पाहिलं आहे. त्याचे डोळे मिरचीने भरत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ती मग उठली, आत गेली, आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"औंदा मिरची तेजच शे, भाऊ," ती म्हणाली. "धुई टाक. चहा ठेवस. गोड."

त्यानंतर टिपसाचा विषय तिने कधी काढला नाही. मेव्हण्यांत मात्र काडीचा बदल नाही. परवाच एका खरेदीदारासमोर त्यांनी देठापर्यंत मिरची खाल्ली आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही, असं यार्डातून आलेला माणूस सांगत होता. रिक्षात ते अजून पुढेच बसतात. कधी संध्याकाळी आमच्या गल्लीत थांबतात, रस्त्यावरूनच हाक मारतात, "दाजी, वारा इकडे फिरना, खिडकी लाई ल्या. तुम्ले ठसका लागी!"

मी हातातलं पुस्तक मिटतो. ठसका लागतोच, डोळ्यांतून पाणी येतंच. मी इथून त्यांना हात करतो. खिडकी लावत नाही.